दवंडी कोणी पिटायची?

जव्हार-मोखाड्याकडचे गाव एका जागी दाट वसलेले नसते. वावर घ्या की दुसरे कोणतेही, महसुली नोंदीत नाव एकच असते. प्रत्यक्षात एक पाडा टेकडीच्या या अंगाला, दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा आणखी वर. अशा मुलखात दवंडी देणे हे देशावरच्या गावाइतके सोपे नाही. चावडीपुढे डफावर थाप मारली की काम झाले, असे होत नाही. एका पाड्यावर हाक द्यायची, तिथल्या कोणीतरी ती पुढच्या पाड्यावर न्यायची. कधी ती पोचते, कधी उशिरा पोचते, कधी वाटेत तिचा अर्थ बदलतो. आणि उलट दिशेने, म्हणजे पाड्यावरून बाहेर, हाक जायला तर त्याहून वेळ लागतो. वावर आणि वांगणी ही नावे उर्वरित महाराष्ट्राने ऐकली ती १९९२ साली, कुपोषणाने दगावलेल्या बालकांच्या बातम्यांतून. त्या दुःखाची आणि पुढे सांगायच्या पैशाच्या गोष्टीची तुलना नाही. पण इशारा हा आपोआप पोचत नसतो, कोणीतरी तो द्यावा लागतो आणि कोणीतरी पुढे न्यावा लागतो, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

कूटचलनाच्या जाळ्यात निरोप नेमका असाच पाड्या-पाड्यावरून फिरतो. बिटकॉइन किंवा त्याच्यासारख्या चलनाला मुख्य कार्यालय नसते, मुख्य संगणक नसतो. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खुला प्रोग्रॅम चालू असतो. त्या प्रत्येकाला नोड म्हणतात. नोडला काही नवे कळले की तो आपल्या ओळखीच्या काही नोडना सांगतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. काही सेकंदांत निरोप सगळीकडे जातो. प्रोग्रॅमचा मजकूर कोणालाही वाचायला मोकळा असतो, म्हणून त्याला मुक्तस्रोत म्हणायचे. व्यवस्था छान आहे. अडचण येते ती प्रोग्रॅममध्येच खोट सापडते तेव्हा. ती खोट आहे, सावध व्हा, हे लोकांना सांगायचे कोणी? गावात दवंडी कोतवालाने द्यायची आणि ती कोणाच्या हुकमाने दिली जाते हे सगळ्यांना ठाऊक असायचे. इथे पाटील नाही, म्हणून कोतवालही नाही. शिवाय दवंडी जशी घरमालकाला ऐकू येते तशीच ती चोरालाही ऐकू येते. अमक्या पेढीचे मागचे कुलूप मोडके आहे, असे डफ वाजवून सांगितले तर पेढीवाला तिथे आधी पोचेल की चोर?

या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईत सुरू झालेल्या एका जाळ्याचे आहे. २०१७ साली जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 'मॅटिक नेटवर्क' नावाचा प्रकल्प उभा केला. इथेरियम या मोठ्या जाळ्यावर व्यवहार महाग आणि संथ होत होते. त्याला जोडून एक स्वस्त आणि वेगवान वाट काढायची, ही कल्पना. एप्रिल २०१९ मध्ये त्याचे नाणे बाजारात आले, २०२० मध्ये जाळे सुरू झाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे नाव 'पॉलिगॉन' झाले. तोवर सर्बियाचे मिहाइलो ब्येलिच संस्थापकांत आले होते आणि कारभार जगभर पसरला होता. तरी मुंबईची खूण पुसली गेली नव्हती. नव्या गोष्टी करून पाहण्यासाठी पॉलिगॉनने जे सरावाचे जाळे ठेवले होते, ज्यावरच्या नाण्यांना काहीच किंमत नसते, त्याचे नावच 'मुंबई' होते. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला प्रोग्रॅमर आपले काम आधी 'मुंबई'वर तपासायचा आणि मग खऱ्या जाळ्यावर न्यायचा.

३ डिसेंबर २०२१ रोजी एका बाहेरच्या तज्ज्ञाने पॉलिगॉनच्या एका मूळ करारात मोठी खोट असल्याचे कळवले. लिओन स्पेसवॉकर हे त्याचे जालावरचे नाव. तो गुपचूप पैसे लुटू शकला असता. त्याऐवजी त्याने 'इम्युनेफाय' या संस्थेमार्फत रीतसर वर्दी दिली. खोट समजायला सोपी आहे. एकाच्या सहीवर दुसऱ्याने पैसे हलवावेत अशी सोय त्या करारात होती. पण सही खरी आहे का आणि देणाऱ्याच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे का, हे नीट तपासायचेच राहून गेले होते. बँकेच्या खिडकीवर कोणीही कसलाही धनादेश सरकवावा आणि रोखपालाने खाते न बघता तिजोरीतून नोटा मोजून द्याव्यात, तसा प्रकार. आणि तिजोरी लहान नव्हती. एकूण १० अब्ज मॅटिक नाण्यांपैकी ९.२७ अब्जांहून अधिक त्या कराराच्या ताब्यात होती. त्या वेळच्या भावाने ही रक्कम २० अब्ज डॉलरच्या आसपास किंवा वर जाते.

पुढच्या दोन दिवसांत जे झाले ते कोणालाही न सांगता झाले. पॉलिगॉनच्या लोकांनी दुरुस्ती तयार केली. व्यवहारांवर शिक्कामोर्तब करणारे व्हॅलिडेटर तेव्हा शंभराच्या आसपास होते. त्यांना खासगीत कळवून नवी आवृत्ती चढवायला लावली. ५ डिसेंबरला, रविवारी, २,२१,५६,६६० क्रमांकाच्या ब्लॉकपासून नवा नियम लागू झाला. भारतात तेव्हा दुपारचे एक वाजायला तीन मिनिटे कमी होती. अमेरिकेत मध्यरात्र होती, त्यामुळे पुढे तिकडच्या तक्रारीत 'मध्यरात्री केलेला बदल' असा शब्दप्रयोग आला. मुंबईच्या घड्याळाने ती जेवणाची वेळ होती. दुरुस्ती होण्याआधीच, ४ डिसेंबरला, एका चोराला ती वाट सापडली आणि त्याने ८,०१,६०१ मॅटिक नेले. ती तूट आपण भरून काढू, असे पॉलिगॉनने सांगितले; पण सांगितले ते २९ डिसेंबरला, म्हणजे दुरुस्तीनंतर चोवीस दिवसांनी. मधल्या काळात जाळे वापरणाऱ्यांना एवढेच दिसत होते की आपल्या पायाखालची फरशी कोणीतरी बदलली आहे. का बदलली, नवी कशाची आहे, हे सांगायला कोणी तयार नव्हते. नवा कोड वाचता येईल अशा रूपात उघडा का नाही, अशी विचारणा डिसेंबरच्या मध्यावर जाहीरपणे होऊ लागली होती. मुक्तस्रोत म्हणवणाऱ्या प्रकल्पाला ही विचारणा झोंबणारी होती.

पॉलिगॉनने आपल्या मौनाचे जे कारण दिले ते महत्त्वाचे आहे. आमची स्वतःची पद्धत अजून ठरते आहे, तोवर आम्ही इथेरियमच्या 'गेथ' मंडळींच्या 'मूक दुरुस्ती'च्या धोरणाने चालतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे मौन हा मुंबईचा शोध नव्हता. त्याला एक परंपरा होती, आणि ती परंपरा आधीच्या एका मोडलेल्या दवंडीतून निघाली होती. ती दवंडी बिटकॉइनची.

१५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या ७४,६३८व्या ब्लॉकमध्ये एक अजब व्यवहार आला. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाऊ नये हा त्या चलनाचा पाया आहे. या एका व्यवहाराने १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा सगळे नऊ आले की पुन्हा शून्यावर जातो, तसेच संगणकातल्या मोठ्या आकड्यांचे होते. दोन अवाढव्य रकमांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊन उणे झाली आणि तपासणीला सगळे ठीक वाटले. जेफ गार्झिक यांनी हा ब्लॉक विचित्र दिसतो असे लक्षात आणून दिले. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या निर्मात्याने काही तासांत दुरुस्त आवृत्ती काढली. लोकांनी ती घेतली, खोटी साखळी मागे पडली. तेव्हा वापरणारे मूठभर होते, म्हणून ते निभावले.

सातोशीने धडा घेतला आणि दोन आठवड्यांच्या आत, ०.३.११ या आवृत्तीत, इशाऱ्याची यंत्रणा घातली. रचना अशी: एक गुप्त किल्ली. त्या किल्लीने सही केलेला निरोप जाळ्यात सोडला की प्रत्येक नोड सही तपासतो, खरी निघाली तर निरोप पडद्याच्या तळाशी दाखवतो आणि शेजाऱ्यांना देतो. थोडक्यात, पाटील नसलेल्या गावात एकाच माणसाला डफ दिला. त्यात आणखी एक भाग होता. इशारा आला की नोडने सुरक्षित अवस्थेत जायचे, म्हणजे पैशाचे काही व्यवहार आपसूक थांबवायचे. यावर लगेच कुरकुर झाली, आणि ती रास्त होती. हाक देणे वेगळे आणि हाक देऊन लोकांची दारे बाहेरून बंद करणे वेगळे. डिसेंबर २०१० मध्ये ०.३.१९ या आवृत्तीतून तो भाग काढला गेला. ती तात्पुरती सोय होती, असे सातोशीचे म्हणणे. हीच सातोशीने जाहीर केलेली शेवटची आवृत्ती. २०११ मध्ये तो निघून गेला आणि जाताना डफ गॅव्हिन अँड्रेसन यांच्याकडे आला.

या डफाचा खरा कस मार्च २०१३ मध्ये लागला. ०.८ ही नवी आवृत्ती आतल्या नोंदी वेगळ्या पद्धतीने ठेवत होती. ११ मार्चच्या सुमारास एक मोठा ब्लॉक आला, तो नव्या आवृत्तीने स्वीकारला आणि जुन्या ०.७ने नाकारला. एका चलनाच्या दोन वह्या झाल्या. एकात दिलेला पैसा दुसऱ्यात दिलेलाच नव्हता. कोणी तोच पैसा दोनदा खर्च करू शकला असता, आणि एका व्यवहारात तसे घडलेही. आता सांगायचे काय? नेहमीचा उपदेश असतो की नवी आवृत्ती घ्या. त्या रात्री उलटे सांगायचे होते: नव्या आवृत्तीवर खाणकाम थांबवा, मागे या. इशारा गेला. पण गाडे वळले ते त्या इशाऱ्याने वळले असे म्हणता येणार नाही. विकसक आणि मोठे मायनर गप्पांच्या एका वाहिनीवर एकत्र आले, 'बीटीसी गिल्ड' या मोठ्या गटाने स्वतःचे नुकसान सोसून जुनी आवृत्ती घेतली आणि काही तासांत जुनी वही पुढे गेली. म्हणजे दवंडी सर्वांसाठी होती, निर्णय मात्र थोड्यांच्या बैठकीत झाला. मला त्या रात्रीत गैर काही दिसत नाही. बैठक नसती तर पैसा बुडाला असता. पण बिटकॉइनला कोणी चालवत नाही, हे वाक्य त्यानंतर तितक्या सहज उच्चारता येऊ नये.

डफाची दुसरी खोट हळूहळू कळली. तो कोणाकोणाकडे आहे याची नेमकी यादीच उरली नव्हती. किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे गेली, प्रती झाल्या. सरकारी लोक बिटकॉइनबद्दल माहिती घ्यायला आले की किल्ली कोणाजवळ आहे, हा प्रश्न त्यांच्या तोंडी हमखास असायचा. जणू किल्लीवालाच चलनाचा मालक. शिवाय बिटकॉइनचा कोड उचलून अनेकांनी आपापली नाणी काढली होती. त्यांतल्या ज्यांनी किल्लीचा भाग बदलायची तसदी घेतली नाही, त्यांच्या गावातही बिटकॉइनवाल्यांचा डफ वाजू शकत होता. शेवटी ऑगस्ट २०१६ मध्ये, ०.१३.० या आवृत्तीतून, ही यंत्रणाच काढून टाकली. जुन्या आवृत्त्या वापरणारे मात्र अजून तीच सही मानत होते. त्यांच्यासाठी जानेवारी २०१७ मध्ये एक अखेरचा इशारा काढायचे ठरले: किल्ली फुटली आहे, आवृत्ती बदला. त्याचा क्रमांक शक्य तेवढा मोठा ठेवला, म्हणजे त्यानंतरचा कोणताही इशारा त्याच्यावर मात करू शकणार नाही. डफाने स्वतःच्याच निधनाची दवंडी दिली. जुलै २०१८ मध्ये ब्रायन बिशप यांनी ती गुप्त किल्ली सगळ्यांसमोर छापली. आता ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती.

डफ गेला, खोटी राहिल्या. मग इशारा द्यायचा कसा? सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइनमध्ये पुन्हा हवेतून नाणी निर्माण करता येतील अशी खोट निघाली. १७ तारखेला कोणीतरी नाव न सांगता विकसकांना कळवले. १८ला दुरुस्ती आली, पण सोबतच्या टिपणात एवढेच होते की या खोटीमुळे नोड बंद पडू शकतो. खरी भयानक बाजू २०ला उघड केली. म्हणजे मधले दोन दिवस अर्धे सत्य. झीकॅश या चलनात तर बनावट नाणी पाडण्याची वाट एरियल गॅबिझोन यांना १ मार्च २०१८ रोजी सापडली, ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या मोठ्या बदलाबरोबर ती गुपचूप बुजवली गेली आणि जगाला कळले ५ फेब्रुवारी २०१९ रोजी. जवळजवळ वर्ष. कोणाचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. तरीही ते वर्ष ज्यांनी त्या नाण्यावर पैसे लावले, त्यांना आपण कशावर बसलो आहोत हे माहीत नव्हते.

आता गेथ. इथेरियमचे बहुसंख्य नोड तेव्हा हा प्रोग्रॅम चालवत होते. जुलै २०२० मध्ये त्यांनी एक खोट गाजावाजा न करता दुरुस्त केली. ज्यांनी वेळच्या वेळी नवी आवृत्ती घेतली ते सुरक्षित झाले, पण नवी आवृत्ती घेणे का तातडीचे आहे हे कोणाला सांगितलेच नव्हते. इन्फ्युरा ही असंख्य पाकिटांना आणि ॲप्सना इथेरियमशी जोडून देणारी सेवा जुन्या आवृत्तीवर राहिली. ११ नोव्हेंबर २०२० रोजी ती खोट कोणीतरी चाळवली आणि इन्फ्युरा मुख्य साखळीपासून तुटली. मोठ्या बाजारांनी इथर काढून घेणे थांबवले. गेथच्या मंडळींनी मग सविस्तर खुलासा केला आणि धोरण कागदावर आणले: गंभीर खोट आधी मुकाट्याने बुजवायची, काही आठवडे जाऊ द्यायचे, मग सांगायची. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी रीत वापरून पाहिली. १८ ऑगस्ट २०२१ रोजी आगाऊ जाहीर केले की २४ला एक तातडीची दुरुस्ती येते आहे, तयार राहा. २४ला ती आली. २७ला कोणीतरी दुरुस्तीवरून उलटी वाट काढून खोट शोधली आणि ज्यांनी आवृत्ती बदलली नव्हती त्यांची साखळी फुटली. बरेच मोठे मायनर बदललेले होते म्हणून मुख्य साखळी तगली. न सांगितले तर इन्फ्युरा, सांगितले तर हे.

यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी पॉलिगॉनपुढे प्रसंग आला. पॉलिगॉनचे ब्लॉक तयार करणारे 'बोर' हे गेथच्याच कोडवरून बेतलेले. घराण्याबरोबर घराण्याची रीतही आली. (हे बोर झाडावरचे नव्हे. नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या बापाचे ते नाव आहे.) माझ्या मते ३ ते ५ डिसेंबरचे मौन पूर्णपणे समर्थनीय होते. ९.२७ अब्ज नाण्यांची तिजोरी उघडी असताना डफ वाजवणे म्हणजे चोरांना आवतण. मौन असूनही एक चोर पोचलाच, यावरून वाट किती सोपी होती ते दिसते. पण ५ तारखेला तिजोरी बंद झाल्यानंतरचे चोवीस दिवस त्याच मापाने मोजता येत नाहीत. गेथच्या मौनामागे एक कारण आहे: हजारो अनोळखी नोडना नवी आवृत्ती घ्यायला वेळ हवा. पॉलिगॉनचे व्हॅलिडेटर शंभरेक, सगळे संपर्कातले, आणि बदल सर्वांवर एकाच ब्लॉकपासून लागू झालेला. तिथे उसने घेतलेले धोरण मापात बसत नव्हते. आणि चोरी झाली होती. पैसे गेले ते लोकांच्या नव्हे, आम्ही भरून देऊ, हे ठीक. पण चोरी झाल्याचे सांगणे आणि कुलूप कसे मोडते हे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ६ डिसेंबरला सांगता आली असती. वर्दी देणाऱ्या दोघांना मिळून सुमारे ३४.६ लाख डॉलर बक्षीस मिळाले, हे मात्र पॉलिगॉनच्या बाजूने मांडायलाच हवे. वर्दी देणाऱ्याला इतके देणारे फार नव्हते.

सरकार या गोष्टीकडे वेगळ्या अंगाने पाहते. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन'ने काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिची वर्दी द्यावी लागते. वर्दी सरकारला, वापरणाऱ्याला नव्हे. आणि ज्या जाळ्याचे नोड अनेक देशांत विखुरलेले आहेत, तिथे 'लक्षात आले' कोणाच्या, हे ठरवायचे कसे?

मार्च २०२२ मध्ये पॉलिगॉनवर उलटी वेळ आली. १० तारखेच्या एका सुधारणेनंतर जाळेच थांबले, सुमारे ११ तास. या वेळी लपवण्यासारखे काही नव्हते; सगळ्यांना दिसत होते की व्यवहार होत नाहीत, आणि पॉलिगॉननेही लगेच जाहीर खुलासे केले. बिघाड 'हाइमडॉल' नावाच्या थरात होता. हे नाव नॉर्स पुराणातल्या पहारेकरी देवाचे. संकट आले की शिंग फुंकून सगळ्यांना उठवणे, हे त्याचे काम.

या सगळ्या इतिहासात एक माणूस फारसा येत नाही: मोबाइलवरच्या ॲपमधून हजार-दोन हजाराचे नाणे घेणारा. त्याच्याकडे नोड नाही. बिटकॉइनचा डफ वाजत होता तेव्हाही तो नोडच्या पडद्यावर वाजत होता, या माणसाच्या फोनवर नाही. विकसकांचे खुलासे इंग्रजीत, तांत्रिक भाषेत. २०२३ साली दूरसंचार विभागाने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा देशभरचे फोन एकदम किंचाळले आणि लोक दचकले. ते शक्य झाले कारण टॉवर मोजक्या कंपन्यांचे आणि हुकूम एकाचा. तसला टॉवर कूटचलनाला असूच नये, असे ते निर्माण करणाऱ्यांना वाटत होते.

'मुंबई' हे सरावाचे जाळे एप्रिल २०२४ मध्ये बंद झाले. त्याच्या जागी 'अमॉय' आले. ज्या जाळ्यावरच्या नाण्याला कवडीचीही किंमत नव्हती, त्याच्या बंद होण्याची सूचना मात्र सर्वांना आधीच, उघडपणे दिलेली होती.